बुडी कशी मारायची: टँकमध्ये, विहिरीत आणि चंद्रभागेत

सोलापूरकडे पोहायला शिकवताना तीन शब्द वेगळे ठेवावे लागतात. गुडघे पोटाशी घेऊन काठावरून धपकन पडणं म्हणजे मुटका. हात पुढे करून डोक्याकडून पाण्यात शिरणं म्हणजे सूर. आणि पाण्यात तरंगत असतानाच खाली जाणं म्हणजे बुडी. हा काटेकोरपणा उगाच नाही. ‘बुडी मार’ म्हटल्यावर पोराने सूर मारला आणि पाणी कमरेएवढंच असलं, तर मानेचं हाड मोडू शकतं.

फुफ्फुसात हवा भरलेली असली की शरीर वर येऊ पाहतं. त्यामुळे नवखा हाताने पाणी ओढत राहतो, दमतो आणि जागेवरच राहतो. खाली नेतात ते पाय, तेही पाण्याबाहेर असताना. पोटावर तरंगा, एक साधा श्वास घ्या, हनुवटी छातीला लावा, कमरेत काटकोनात वाका आणि दोन्ही पाय जोडून सरळ आभाळाकडे उचला. बाहेर आलेल्या पायांचं वजनच तुम्हाला खाली दाबतं. पावलं पूर्ण बुडेपर्यंत पाय मारू नका, नुसता फवारा उडतो. मान वर करून तळ बघायला गेलात तर पाठ वाकते आणि बुडी आडवी जाते. डोकं खाली असताना नाकात पाणी शिरतं, म्हणून नाकातून थोडी थोडी हवा सोडत राहा.

कानाचं लवकर सांभाळा. दर 10 मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो, पण दडे 1-2 मीटरवरच बसायला लागतात. दुखायच्या आधीच नाक चिमटीत धरून हलकेच फुंका आणि थोडं खाली गेलं की पुन्हा फुंका. कान उघडत नसेल तर वर या. जोर लावला तर पडदा फाटू शकतो. सर्दी असताना बुडी नकोच. नाक मोकळं सोडणारा गॉगल खोल नेऊ नका, त्यात हवा भरता येत नाही आणि तो डोळे ओढतो.

तळातला खडा आणायची पैज लागली की पोरं आधी भराभर श्वास घेतात. याने दम वाढत नाही. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घ्यायची तडफड उशिरा सुरू होते आणि तोवर ऑक्सिजन संपून शुद्ध जाते, बरेचदा वर येता येता. म्हणून काठावर पोहता येणारा एक माणूस फक्त बघायला हवा, मोबाइलमध्ये डोकं घातलेला नव्हे. नवख्याला 2-3 मीटर पुष्कळ झाले. वर येताना एक हात डोक्यावर ठेवा, कोण कधी मुटका मारेल सांगता येत नाही.

विहिरीत आणखी काही गोष्टी आहेत. शेतातल्या मोटारीला बहुतेकदा ऑटो बसवलेला असतो, लाईट आली की ती आपोआप सुरू होते. नुसता स्टार्टर बंद करून भागत नाही. मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा आणि मगच उतरा. केबल, पाईप आणि दोर कुठून खाली गेलेत ते आधी बघून त्यांच्यापासून लांब बुडी मारा. एप्रिल-मेमध्ये वरचं पाणी कोमट आणि खालचं गार असतं. गारव्याने अचानक दचकून श्वास ओढला जातो, म्हणून पहिली बुडी अर्धीच घ्या. बाहेर यायला पायऱ्या नसतील तर गाठी मारलेला दोर आधीच सोडून ठेवा.

पंढरपुरात चंद्रभागेत डोकं खाली घालून जाऊच नका. पाणी गढूळ असतं, वाळू उपसलेले खड्डे दिसत नाहीत आणि उजनीतून पाणी सोडलं की पात्र चढतं. स्नानाची बुडी उभ्यानेच घ्यायची. कमरेच्या आतल्या पाण्यात थांबा, सोबत्याचा हात धरा, नाक दाबा, खाली बसा आणि उठा.

बाहेर आल्यावर कानात पाणी राहिलं तर डोकं त्या बाजूला कलवून पाळी खाली ओढा. काडी किंवा तेल घालू नका. दुसऱ्या दिवशीही दडा किंवा ठणका राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा आणि तोवर पाण्यात उतरू नका.