गाइड स्क्रीनवर, माग हाताशी: सोलापुरात राहून इंजिनिअरिंगची पीएचडी सुरू करताना

प्रवेशाचा मोसम आला की तरुण प्राध्यापकांचे मेसेज सुरू होतात, "मॅडम, ऑनलाइन पीएचडी करायचीय, कुठली चांगली?" मी सोलापुरात मेकॅनिकल शिकवते, नाव नोंदवलंय पुण्यातल्या एका सरकारी संस्थेत, आणि गाइडसरांचं दर्शन बहुतेक वेळा लॅपटॉपवरच होतं. म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येत असावा.

आधी कटू भाग. भारतात ऑनलाइन पीएचडी नावाची मान्य पदवी नाही. विद्यापीठांचे नियम ठरवणाऱ्या यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीत दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएचडी देता येणार नाही, असं स्वच्छ लिहिलंय. त्याच्या आदल्याच महिन्यात यूजीसी आणि तंत्रशिक्षणाचं बघणारी एआयसीटीई या दोघांनी मिळून सूचना काढली होती की एडटेक (ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या) कंपन्या परदेशी विद्यापीठांच्या नावावर ज्या ऑनलाइन पीएचडी विकतात, त्यांना मान्यता नाही. तरी जाहिराती थांबलेल्या नाहीत. 'नोकरी न सोडता, घरबसल्या, कमी काळात डॉक्टरेट' असं दिसलं की पुढे सरका.

चालतं ते पार्ट-टाइम. प्रवेश परीक्षा, कोर्सवर्क, प्रबंध, तोंडी परीक्षा, सगळं नेहमीसारखंच. फक्त तुम्ही नोकरीत राहता आणि रोजचं काम, गाइडशी बोलणं बरंचसं स्क्रीनवर होतं. लोक बोलताना यालाच ऑनलाइन म्हणतात, म्हणून घोळ होतो. परदेशी पर्याय खोटेच असतात असं नाही. जॉर्ज वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीची ऑनलाइन डॉक्टर ऑफ इंजिनिअरिंग आहे, ती खरी पदवी आहे. पण इथे सहयोगी प्राध्यापक व्हायचं म्हणून पीएचडी करत असाल, तर ती इथे ग्राह्य धरतील का हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या. कंपनीतच राहायचं असेल तर हिशेब वेगळा.

एनओसीला, म्हणजे नोकरीच्या ठिकाणच्या ना-हरकत पत्राला, लोक किरकोळ समजतात. पार्ट-टाइमवाल्याच्या एनओसीत नियमाप्रमाणे तीन गोष्टी लागतात: पार्ट-टाइम पीएचडीला परवानगी आहे, कामाचं स्वरूप बघता संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी कार्यमुक्त केलं जाईल. ऑफिसातून मिळतं ते एका ओळीचं 'आमची काही हरकत नाही'. ते परत येतं. तुम्हीच मसुदा टाइप करा, भाऊसाहेबांच्या हातात द्या, जावक क्रमांक, तारीख आणि गोल शिक्का बघूनच निघा. तिसऱ्या मुद्द्यावर व्यवस्थापन अडतं. तिथे नियमावलीचं पान सोबत न्या, वाद घालू नका.

मुदतीचंही लक्षात असू द्या. कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्याच्यावर आणखी दोन वर्षं मिळू शकतात. शिवाय महिलांना प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा आहे. हे मुलींना कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

गाइड निवडताना विषयाइतकंच त्यांच्याकडच्या गर्दीकडे बघा. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्यांना नवीन विद्यार्थी घेता येत नाही. "सर, सध्या आपल्याकडे किती जण आहेत?" हे विचारण्यात उद्धटपणा काही नाही. त्यातले दोघेजण शोधा आणि सर मेलला उत्तर किती दिवसांत देतात ते त्यांना विचारा. लांब राहणाऱ्याच्या दृष्टीने गाइडच्या एच-इंडेक्सपेक्षा (पेपर आणि त्यांचे दाखले यांवरून काढलेल्या आकड्यापेक्षा) ही माहिती मोलाची.

आता खरा मुद्दा. गाइड लांब, लॅब लांब, लायब्ररी लांब. मग निदान यंत्र तरी जवळ असू द्या. ज्या यंत्रापर्यंत कॉलेज सुटल्यावर गाडीवर पोचता येईल, अशाच यंत्रावरचा प्रश्न घ्या. पुण्याच्या लॅबमधल्या महागड्या टेस्ट-रिगवर (चाचणीच्या यंत्रणेवर) अवलंबून असलेला विषय कागदावर भारदस्त दिसतो, पण त्या रिगवर फुल-टाइम मुलांचा नंबर आधी लागतो आणि तुम्ही सुट्ट्या मोजत बसता.

सोलापुरात प्रश्नांना काय तोटा आहे? पूर्व भागात टॉवेल-चादरींचे यंत्रमाग, चिंचोळी आणि अक्कलकोट रोडची एमआयडीसी, फताटेवाडीला एनटीपीसीचे ६६० मेगावॉटचे दोन संच, जिल्हाभर साखर कारखाने, आणि सिव्हिलवाल्यांना तर शहराची पाणीपुरवठ्याची लाइनच आहे. काही दिवसांच्या अंतराने येणारं पाणी हा हायड्रॉलिक्सचाही विषय आहे की वो. मात्र साखर कारखाना घेणार असाल तर वेळापत्रक गळीत हंगामाला बांधलेलं राहील. दिवाळीच्या आसपास बॉयलर पेटतो, उन्हाळ्याच्या तोंडाला बंद होतो. त्या काळात मोजमाप हुकलं तर सेन्सर गुंडाळून पुढच्या हंगामाची वाट बघायची. आराखडा लिहितानाच हे गाइडना सांगा. पुण्यात बसलेल्या माणसाला हे आपोआप कळत नाही.

माझा विषय धोट्याच्या मागाच्या कंपनांचा. भाग झिजून माग बंद पडण्याआधी कंपनांवरून ते ओळखता येतं का, एवढंच. कारखान्यात गेल्यावर कळतं की हे काम तिथला जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, रोज कानाने करतो. शेडमध्ये शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं, आणि हा माणूस लांबून सांगतो की अमक्या मागाचं पिकिंग (धोटा फेकणारी यंत्रणा) बिघडलंय. अशा माणसाला धरून ठेवा. मशीन लर्निंग करणाऱ्यांना डेटा मिळतो, लेबल मिळत नाही. म्हणजे हे कंपन चांगल्या मागाचं की बिघडलेल्या, हे सांगणारं कुणी नसतं. जॉबरने कुठल्या दिवशी कुठल्या मागाचा कुठला भाग बदलला, ही नोंद म्हणजे तुमचं लेबल. ती त्याच्या डोक्यात असते. चहा पाजा, वही उघडा, त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. प्रबंधात आभार मानायचे असतील तर आधी त्याचे.

परवानगीचं पत्र मराठीत, कॉलेजच्या लेटरहेडवर द्या. सेन्सर काय मोजतो, माग किती वेळ थांबवावा लागेल, उत्पादनाचे आकडे आणि कारखान्याचं नाव छापलं जाणार नाही, हे त्यात हवं. मालकाची पहिली शंका ठरलेली: "वीजबिलाचं काही नाही ना, मॅडम?" शंका फिटेपर्यंत सेन्सर बॅगेतच राहू द्या. कामगारांत तेलुगू बोलणारी घरं बरीच. 'अण्णा', 'अक्का' म्हणून आधी दोन शब्द बोला, फोनचा कॅमेरा नंतर. बाईमाणूस मापं घ्यायला आली की सुरुवातीला सगळे बघायला जमतात. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला कुणी बघत नाही.

उपकरण स्वस्तातलं चालेल, पण त्याची मर्यादा आधी समजून घ्या. एडीएक्सएल३४५ हा कंपन मोजणारा अॅक्सेलरोमीटर थोड्या पैशांत मिळतो आणि सेकंदाला ३,२०० नमुने देऊ शकतो. नायक्विस्टच्या नियमाने (नमुन्यांच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतचंच दिसतं) त्यात १,६०० हर्ट्झच्या वरचं काहीच दिसणार नाही. मागाच्या ठोक्यांसाठी हे पुरतं. बेअरिंगमधला बारीक दोष शोधायचा तर कदाचित पुरणार नाही. हे घेण्याआधी कागदावर मांडा, कारण प्रगती तपासणाऱ्या संशोधन सल्लागार समितीत पहिला प्रश्न हाच येतो. सेन्सर दरवेळी त्याच जागी, त्याच पद्धतीने बसवा. दुतर्फी टेपवर कापसाची तूस बसली की पकड सुटते आणि आलेख मागाचे नाही, टेपचे येतात. वहीत माग क्रमांक, वेळ, सुताचा काउंट (जाडी-बारीकपणाचा आकडा), मागाची गती, नुकतीच काय दुरुस्ती झाली हे लिहा. फाइलच्या नावात तारीख आधी, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. घरी पोचलात की दुसऱ्या ठिकाणी प्रत.

कोर्सवर्क किमान बारा क्रेडिटचं, त्यात किमान ५५ टक्के लागतात. संशोधन पद्धती आणि प्रकाशनातली नीतिमत्ता हे विषय असतातच. काही संस्था एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचे, कोर्स धरतात. तुमची कुठले धरते याचा मेल विभागाकडून घ्या आणि मगच नोंदणी करा. व्हिडिओ घरी बघायचे असले तरी परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते आणि तिला ७५ टक्के वजन आहे, असाइनमेंटना २५. कोर्सवर्क रेंगाळू देऊ नका.

वाचनासाठी पहिल्या आठवड्यातच संस्थेच्या ग्रंथपालांना फोन करा. जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही संशोधन नियतकालिकं वाचायला देणारी सरकारी योजना सुरू झालीय. तीस प्रकाशकांची जवळपास तेरा हजार नियतकालिकं, पण पहिल्या टप्प्यात सरकारी संस्थांपुरती. म्हणजे तुम्ही शिकवता ते खासगी कॉलेज त्यात नसेल, पण जिथे नाव नोंदवलंय ती संस्था असू शकते. बाहेरून वापरायचं लॉगिन मिळतं का, एवढं विचारा. जुने भारतीय प्रबंध शोधगंगा या वेबसाइटवर फुकट आहेत. आपल्या विषयातले दोन-तीन चाळलेत की प्रकरणं कशी मांडतात ते कळतं. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाका. पेपर छापून देतो, इतके पैसे द्या, असे मेल येऊ लागतील, ते उडवा. प्रबंधाआधी पेपर हवाच ही सक्ती यूजीसीने २०२२ मध्ये काढली, पण बऱ्याच संस्थांनी स्वतःची अट ठेवलीय, तेव्हा आपल्या संस्थेचं परिपत्रक बघा.

गाइडशी बैठक ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. आदल्या रात्री एक पान पाठवायचं: काय केलं, कुठे अडलं, सरांकडून कुठला निर्णय हवा. तिसरी ओळ महत्त्वाची. ती नसेल तर बैठक "बरं चाललंय, चालू ठेवा" वर संपते, आणि स्क्रीनवर ती फार लवकर संपते. बैठक झाल्यावर त्याच दिवशी मेल: "सर, आज असं ठरलं." दोन महिन्यांनी सर म्हणतील, हे असं कशाला केलंस? तेव्हा हा मेल कामाला येतो. कधीतरी थेट कारखान्यातून कॉल लावा. आवाजाने काही ऐकू जाणार नाही, पण माग चालताना एकदा बघितला की सरांचे प्रश्न बदलतात. उत्तर येत नसेल तर आठवण करून द्यायला लाजू नका. आपल्याकडे 'सरांना कसं विचारायचं' यातच सहामाही निघून जाते.

घरचं थोडक्यात. राउटरला छोटा यूपीएस घ्या, वीज गेली तरी बैठक चालू राहते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बेचाळीसच्या वर पारा असताना लॅपटॉपही चालत नाही आणि डोकंही, म्हणून लिखाण पहाटे. पाणी येणार त्या दिवशी सकाळची बैठक ठेवू नका. घरातले म्हणतील, कॉलेजला जात नाहीस, मग ही कसली पीएचडी? त्यांना वही दाखवा.

दर सहामाहीला संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगती मांडावी लागते. संस्था ऑनलाइनची सवलत देत असली तरी पहिली बैठक समोर जाऊन द्या; समितीतल्या बाकीच्यांनी तुम्हाला एकदा तरी बघितलेलं असावं. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने गेलात तर दिवस हाती राहतो. प्रगती अहवालाच्या तीन छापील प्रती, फी भरल्याची पावती आणि एनओसीची प्रत बॅगेत ठेवा. समितीने सुचवलेले बदल तिथेच अहवालावर लिहून घ्या आणि सगळ्यांच्या सह्या त्याच दिवशी मिळवा. "मेलवर पाठवतो" म्हणणारे सदस्य भले असतात, पण राहिलेली एक सही आणायला पुन्हा पुण्याचं तिकीट काढावं लागतं.