मांडवा ते दाभोळ: बोट यार्डात नेण्याआधीची तयारी

दाभोळच्या यार्डात डागडुजीसाठी बोट नेताना यादीची सुरुवात पेट्रोलपासून नव्हे, तिथीपासून करा. स्लिपवेवर, म्हणजे पाण्यातून वर चढणाऱ्या उतारावर, बोट ओढायला उधाणाची भरती लागते. भांगाचं, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीचं, पाणी वरपर्यंत पोचत नाही. अमावस्येचं उधाण हुकलं की पौर्णिमेची वाट बघायची. म्हणून यार्डात आधी फोन करून बोटीची लांबी, वजन आणि ती पाण्याखाली किती जाते ते सांगा आणि तारीख पक्की करा. मेअखेरीस नको, तेव्हा पावसाळ्यासाठी शाकारायच्या बोटींची रांग असते.

भरतीच्या वेळेसाठी तिथीची पाऊणपट (तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की भरतीचा तास) हा कोकणातला हिशेब मुंबईला ढोबळमानाने जुळतो. दक्षिणेकडे भरती आधी येते, त्यामुळे दाभोळसाठी छापील कोष्टकच बघा. उधाणाच्या दिवसांत भरती दुपारच्या आधी येते, हे सोयीचं. अंतर साधारण 75 सागरी मैल. सकाळी सहाला निघून 18 नॉटने (तासाला 18 सागरी मैल) गेलात तर सव्वादहाच्या सुमारास दाभोळ खाडीच्या मुखाशी पोचता. तोवर वायव्येचा वारा जोर धरत नाही आणि पाणी अजून चढत असतं. खाडीच्या तोंडावरचा वाळूचा बार (पाण्याखालचा उथळ पट्टा) चढत्या पाण्यातच ओलांडायचा: तळ टेकला तरी पुढचं पाणी बोट उचलतं. ओहोटीचा ओढ आणि दुपारचा वारा समोरासमोर आले की तिथे लाटा फुटतात. अशा वेळी बाहेर थांबणंच बरं. वाळू पावसाळ्यागणिक सरकते, म्हणून जीपीएसवरच्या जुन्या रेषेपेक्षा तिथल्या कोळ्यांचं ऐका.

100 अश्वशक्तीचं फोरस्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन) या वेगाला तासाला 25 लिटरच्या आसपास पितं. म्हणजे जायलाच 105 लिटर. निम्मं आणखी धरून 160 लिटर टाकीत हवं, कारण वाटेतल्या खाड्यांत धक्क्यावर पंप मिळेलच असं नाही. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतली ओल शोषतं आणि फार दिवस पडून राहिलं तर पाणी तळाशी वेगळं होतं. टाकीत गेल्या हंगामाचं पेट्रोल असेल तर ते काढून टाका. पाणी वेगळं करणारा फिल्टर नवा बसवा, एक जादा ठेवा.

निघण्याच्या आदल्या दिवशी इंजिन पाण्यात चालवून त्यातून बाहेर पडणारी थंडाव्याच्या पाण्याची धार बघा. बारीक असेल तर पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारं रबरी चक्र) काढा. त्याचं पातं तुटलेलं दिसलं तर नुसता नवा बसवून भागत नाही. तुकडा थंडाव्याच्या वाटेत अडकलेला असतो, तो शोधावा लागतो. बिल्ज पंपाचा (बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाचा) फ्लोट, म्हणजे तो सुरू करणारा तरंगता खटका, हाताने उचलून बघा. नांगराला पाच मीटर साखळी आणि भरतीच्या खोलीच्या पाचपट दोर. लाइफ जॅकेट माणशी एक, व्हीएचएफ रेडिओ संकटाच्या चॅनल 16 वर, तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 फोनमध्ये. नोंदणीपत्रातल्या हद्दीत हा पल्ला बसतो का तेही बघा.

रायगडच्या किनाऱ्यावर डोलजाळ्यांचे (समुद्रात रोवून लावलेल्या मासेमारीच्या जाळ्यांचे) खुंट असतात, म्हणून अंधारात निघू नका. इंजिनाच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) जाळं गेलंच तर इंजिन बंद, चावी खिशात, मग धारदार सुरी.

यार्डात हवा तो सुटा भाग मिळेल असं धरू नका. अ‍ॅनोड (इंजिनाऐवजी स्वतः गंजून झिजणारा धातूचा तुकडा), इम्पेलर गॅस्केटसकट, गिअर ऑइल आणि त्याच्या बुचांचे वॉशर, पंख्याची कॉटर पिन सोबत न्या. बोट वर आल्याआल्या, तळ ओला असतानाच धुवून घ्या; वाळलेले बार्नेकल (तळाला चिकटलेले शिंपले) खरवडताना जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत थर, निघतो. पंखा काढून दांड्याभोवती गळाची तंगूस (नायलॉनची दोरी) अडकलीय का बघा: तीच पाणी अडवणारं सील कापते. गिअर ऑइल दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय, सील बदलल्याशिवाय नवं तेल घालू नका. अ‍ॅनोड निम्मा झिजला की बदलायचा आणि त्यावर रंग लावायचा नाही. आउटबोर्डचा पाय (पाण्यात बुडणारा खालचा भाग) अ‍ॅल्युमिनियमचा, त्यावर तांब्याचा अँटीफाउलिंग (शिंपले-शेवाळ धरू न देणारा) रंग लावला तर पाय कुजतो. रंगाऱ्याला हे स्वतः सांगा, नाहीतर तो तळाचाच डबा तिथेही फिरवतो.

उतरवताना तळाचं बूच कुणी लावलं ते विचारू नका, स्वतः हात लावून बघा. बोट तरंगली तरी दोर लगेच सोडू नका. पाच मिनिटं बिल्जमध्ये पाणी चढतंय का बघा, मगच इंजिन सुरू.