रंकाळ्यावर, कळंब्यावर पक्षी दिसत नाहीत? या चुका टाळा

थंडी पडली की बरेच जण नवी दुर्बीण गळ्यात अडकवून कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर जातात आणि तासाभरात 'आता इथं काही राहिलं नाही' म्हणत परततात. पक्षी असतात. सैबेरिया आणि मध्य आशियातून हिमालय ओलांडून दक्षिणेला उतरणारा मध्य आशियाई उड्डाणमार्ग आपल्या डोक्यावरूनच जातो. दर वेळी उजनी किंवा नांदूर मध्यमेश्वर गाठलंच पाहिजे असं नाही. चुकते ती आपली उभं राहायची जागा आणि वेळ.

पहिली चूक उन्हाची. रंकाळ्याच्या चौपाटीवर संध्याकाळी जायची सवय आपल्या हाडीमाशी मुरलेली. पण तिथून तलाव पश्चिमेला, म्हणजे मावळता सूर्य थेट डोळ्यांवर. पाण्यावरचं प्रत्येक बदक नुसतं काळं दिसतं, रंग कळतच नाही. त्याच काठावर सकाळी सात-साडेसातला उभे राहा. ऊन पाठीशी येतं आणि चोचीचा रंगसुद्धा स्पष्ट दिसतो. कळंब्याला किंवा राजाराम तलावावर जाताना आधी सूर्य कुठल्या बाजूला असेल ते बघून काठ निवडा.

दुसरी चूक पाण्याची, आणि ही जास्त महागात पडते. ऑक्टोबरात तलाव काठोकाठ भरलेले असतात. चिखल उघडा नसला की तुतवारांसारख्या छोट्या पक्ष्यांना उभं राहायला जागाच नसते. डिसेंबरनंतर पाणी उतरायला लागतं, काठाला ओल्या चिखलाचा पट्टा तयार होतो आणि त्यांची खरी वर्दळ तिथे असते. शेकाट्याचे पाय लांब, तो थोडा आत जाऊन चरतो. थापट्या बदक पाण्याच्या पृष्ठभागावर रुंद चोच फिरवत अन्न गाळतो. म्हणून तलावाच्या मधोमध दुर्बीण रोखून बसू नका, कडेकडेने बघत जा. नदीवरही हेच. बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की वरच्या अंगाला फुगवटा तयार होतो आणि लोक तिथेच बघत बसतात. खालच्या अंगाला पाणी कमी, दगड-वाळू उघडी पडलेली, धोबी पक्षी आणि तुतवार तिथे सापडतात. कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर दोन्ही बाजू बघून घ्या.

केंदाळ, म्हणजे पाण्यावर पसरलेली जलपर्णी, दिसलं की तोंड फिरवू नका. ते वाढतं हे वाईटच, तलाव झाकला की बदकांना मोकळं पाणी उरत नाही. पण त्याच्या कडेला कमळपक्षी आणि पाणकोंबड्या असतात.

दुर्बीण 8×42 ची, म्हणजे आठपट दाखवणारी, पुरे. वीसपट दाखवणारी घेतली तर हात थरथरतो आणि काहीच स्थिर दिसत नाही.

आता ओळखीची गोष्ट. ऑक्टोबरात आलेला थापट्याचा नर पुस्तकातल्या चित्राशी जुळत नाही. हिरवं डोकं, पांढरी छाती हे नंतरचं रूप, तोपर्यंत तो मादीसारखाच तपकिरी. त्या वेळी चोच बघा, टोकाकडे फावड्यासारखी रुंद. हळदी-कुंकू बदकाची चोच काळी, टोक पिवळं, आणि मुळाशी लाल ठिपके. हे बदक इथलंच, बारमाही. त्याला पाहुणा समजणारे खूप जण भेटतात. शेकाट्याचे गुलाबी पाय बघून 'रोहित पक्ष्याचं पिल्लू' म्हणणारेही भेटतात! तुतवारांत घोळ झाला तर उडू द्या. उडताना शेपटीच्या वर ठळक पांढरं दिसलं तर साधा तुतवार नव्हे, कारण त्याच्या कमरेवर पांढरं नसतं.

'उडू द्या' म्हणजे उडवा असं नव्हे. उडतानाच्या फोटोसाठी टाळ्या वाजवणं, खडे मारणं, ड्रोन खाली आणणं हा गुन्हा समजा. हजारो किलोमीटर उडून आलेल्या जिवाला मार्चमध्ये परत जायचंय, त्यासाठी अंगावर चरबी साठवायची असते. प्रत्येक दचकून उडण्यात ती खर्च होते. पाव, पॉपकॉर्न टाकणंही थांबवा.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. तिच्यात किंवा ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना अंदाजाने नाव टाकू नका. खात्री नसेल तर 'बदक, ओळख पटली नाही' असं लिहा, सोबत चोचीचा रंग, वेळ आणि तुम्ही कुठल्या काठावर होता ते टिपा. जाणकाराला त्यावरून नाव सांगता येतं.