पहिला मॉड्युलर सिंथ: एका ओळीत काय बसवावं

मॉड्युलर सिंथ, म्हणजे सुटी मॉड्यूलं (एकेक काम करणारी छोटी यंत्रं) केबलने जोडून बनवायचा सिंथेसायझर, घ्यायचाय असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, कशासाठी? उत्तर "आवाज भारी असतो म्हणून" असं आलं, तर थोडं थांबा म्हणते. भारी आवाज साध्या सिंथमध्येही असतो. मॉड्युलर घ्यायचा तो एक विशिष्ट काम आपल्या पद्धतीने करायला.

मी नाटकांचं ध्वनिसंयोजन करते. मला लागतात ते लांबलचक घुमणारे खर्जाचे आवाज, यंत्राची घरघर, प्रवेश पुढे सरकेल तशी न कळत वाढत जाणारी कंपनं. धून वाजवायची वेळ क्वचितच येते. म्हणून माझ्या केसमध्ये (मॉड्यूलं बसवायच्या पेटीत) सूर क्रमाने वाजवणारा सिक्वेन्सर नाही, पण सावकाश वरखाली होणारी व्होल्टेज देणारे एलएफओ दोन आहेत आणि आवाज गाळणारा फिल्टर निवडताना मी हात आखडता घेतला नाही. तुम्हाला ठेका धरणारं टेक्नो करायचं असेल तर नेमकं उलट होईल: सिक्वेन्सर आणि ठेक्याची टिकटिक देणारं क्लॉक आधी, बाकी नंतर. आपलं काम दोन ओळींत लिहून काढा. पुढे प्रत्येक मॉड्यूल त्या दोन ओळींना दाखवायचं आणि मगच घ्यायचं.

नवीन माणसाने युरोरॅक हा मॉड्यूलांचा ठरलेला छोटा आकार सोडून दुसरीकडे जाऊ नये. मूग आणि बुक्ला या सिंथ बनवणाऱ्यांची 1960 च्या दशकातली यंत्रं मोठ्या पॅनेलांची होती. आजचा छोटा आकार रूढ झाला तो जर्मनीच्या डिटर डोप्फर यांच्या ए-100 मालिकेमुळे, 1990 च्या दशकाच्या मध्यावर. मापं सोपी आहेत: पॅनेलची उंची 128.5 मिलिमीटर, रुंदी एचपीमध्ये मोजायची, 1 एचपी म्हणजे 5.08 मिलिमीटर. केबल 3.5 मिलिमीटरच्या मोनो जॅकची. सुराचा हिशेब 1 व्होल्टला एक सप्तक, म्हणजे अर्धस्वराला साधारण 83 मिलिव्होल्ट. जुनी यंत्रं जोडायचा मोह असेल तर हे आधी तपासा. 1978 चा कॉर्ग एमएस-20 वेगळ्या हिशेबाने चालतो, तो थेट जोडला तर सूर लागणार नाही.

पैसे टाकण्याआधी संगणकावर व्हीसीव्ही रॅक हा मॉड्युलर सिंथचा प्रोग्राम उतरवून घ्या. 2017 पासून आहे, मूळ आवृत्ती फुकट आहे आणि त्यातली मॉड्यूलं खऱ्या यंत्रासारखीच एचपीच्या चौकटीत बसतात. फक्त तिथे स्वतःवर एक बंधन घाला: 84 एचपीच्या, म्हणजे एका ओळीच्या, पुढे जायचं नाही. पडद्यावर जागा फुकट असते, म्हणून लोक आवाज निर्माण करणारे दहा ऑसिलेटर लावतात आणि शिकत काहीच नाहीत. त्याच मोजक्या मॉड्यूलांवर काही आठवडे काढले की कशाला हात जातो आणि काय नुसतं पडून राहतं, ते आपोआप दिसतं.

माझं ठाम मत असं की आवाज निर्माण करणारं मॉड्यूल ही खरेदीतली सगळ्यात कमी महत्त्वाची वस्तू आहे. चित्रफिती बघून सगळे तिकडेच धावतात. पण एका ऑसिलेटरमधून शंभर तऱ्हेचे आवाज निघतात ते त्याला नियंत्रित करणाऱ्या व्होल्टेजमुळे. ती व्होल्टेज कमी-जास्त करणारी, उलटी करणारी, एकत्र मिसळणारी साधी मॉड्यूलं नसली, तर ऑसिलेटर कितीही महागडा असो, तो भोंग्यासारखा एकाच सुरात वाजत राहतो. व्हीसीए (व्होल्टेजने पातळी कमी-जास्त करणारी मॉड्यूलं) कधीच पुरेसे नसतात, ही या छंदातली जुनी थट्टा आहे आणि ती खरी आहे.

84 एचपीच्या एका ओळीत, म्हणजे जेमतेम 43 सेंटिमीटरमध्ये, माझी मांडणी अशी असेल: ऑसिलेटर 12, फिल्टर 8, एन्व्हलप (सूर कसा चढतो-विरतो ते ठरवणारी व्होल्टेज देणारं) 8, दोन किंवा जास्त वाहिन्यांचा व्हीसीए 10, एलएफओ 8, व्होल्टेज मिसळणारा आणि उलटवणारा मिक्सर 8, मिडीपासून (कीबोर्डच्या डिजिटल संदेशांपासून) व्होल्टेज काढणारं मॉड्यूल 8, आउटपुट 6. झाले 68. उरलेले 16 रिकामे ठेवा आणि कोरी पॅनेलं लावा. उघडी फट ठेवली तर एखादा सुटा स्क्रू आत पडून नेमका वीजपट्टीवर जाऊन बसतो. एवढ्या 84 एचपीच्या ओळीत या मांडणीऐवजी मूग मदर-32 सारखं अर्ध-मॉड्युलर (आतून आधीच जोडलेलं) यंत्रही बसतं. त्याचं एकट्याचं 60 एचपी लागतं, पण ऑसिलेटरपासून सिक्वेन्सरपर्यंत सगळं त्यात आहे आणि एकही केबल न लावता ते वाजतं. घाई असलेल्याला मी तेच सुचवते.

आता वीज. इथे कंजूषपणा करू नका. युरोरॅकला अधिक 12, उणे 12 आणि काही मॉड्यूलांना 5 व्होल्ट लागतात. प्रत्येक मॉड्यूलच्या माहितीपत्रकात तिन्ही वाहिन्यांवर किती मिलिअँपिअर लागतात ते दिलेलं असतं. त्यांची वेगवेगळी बेरीज करा. डिजिटल मॉड्यूलं बहुधा अधिक 12 वर जास्त ओढतात, त्यामुळे एकूण आकडा बरोबर दिसतो आणि एकच वाहिनी कोलमडते. समजा अधिक 12 वर 600 मिलिअँपिअर लागत असतील, तर 800 च्या खाली पुरवठा घेऊ नका. सुरू होताना बरीच मॉड्यूलं क्षणभर जास्त वीज ओढतात. केसची खोलीही बघून ठेवा. उथळ केसमध्ये काही जाड मॉड्यूलं मागे टेकतात.

मॉड्यूल बसवणं तसं पाच मिनिटांचं काम, पण मी त्याला वेळ देते. आधी केसचा स्विच बंद आणि वायर सॉकेटमधून काढलेली. पट्टीसारखी जी रिबन केबल असते तिच्या एका कडेला लाल रेघ असते. ती रेघ उणे 12 ची. केसच्या वीजपट्टीवर ती उणे 12 लिहिलंय त्या बाजूला यायला हवी, आणि मॉड्यूलच्या मागेही तशीच खूण शोधून तिकडेच. दोन्ही टोकं बघा. खाच असलेला कनेक्टर चुकीचा बसतच नाही, असं गृहीत धरू नका; केबल बनवतानाच खाच उलटी लागलेली असू शकते. दहा पिनांची केबल उलटी बसली तर अधिक आणि उणे यांची सरळ अदलाबदल होते. बऱ्याच मॉड्यूलांना संरक्षक डायोड असतो, सगळ्यांना नसतो. एक मॉड्यूल बसवलं की वीज द्या, दिवे लागतात का बघा, बोट मागे न लावता दोन मिनिटं वास घ्या, बंद करा, मग दुसरं. चार स्क्रूंपैकी आधी दोनच लावा. पहिल्या महिन्यात जागा बदलणारच असते.

पहिला पॅच (केबलांची जोडणी) टप्प्याटप्प्याने ऐकत करा. ऑसिलेटरची सॉटूथ लहर थेट आउटपुटमध्ये घाला, पण आउटपुटचा नॉब शून्यावर ठेवून. युरोरॅकमधला आवाज टोकापासून टोकापर्यंत 10 व्होल्टच्या आसपास असतो, घरगुती लाइन पातळी जेमतेम 1 व्होल्टची. हेडफोन कानावर ठेवून ही केबल खुपसणाऱ्यांना काय सांगावं! नॉब हळूहळू वाढवा. सूर ऐकू आला की मध्ये फिल्टर घाला आणि कटऑफ (फिल्टर कुठून गाळतो ती मर्यादा) फिरवून बघा. मग फिल्टरनंतर व्हीसीए. इथे आवाज एकदम गप्प होईल. ते बरोबरच आहे, कारण व्हीसीए कुणीतरी उघडल्याशिवाय उघडत नाही. मिडी मॉड्यूलचं गेट (कळ दाबल्याचा इशारा) एन्व्हलपला द्या, एन्व्हलपचं आउटपुट व्हीसीएच्या नियंत्रणाला. कळ दाबली की आवाज येतो, सोडली की विरतो. सुराची व्होल्टेज ऑसिलेटरच्या 1 व्होल्ट-सप्तक इनपुटला.

आता खरी गंमत. तेच एन्व्हलप फिल्टरच्या कटऑफलाही द्या. थेट दिलं तर प्रत्येक सूर तोंडावर आदळतो. मधे व्होल्टेज उलटवणारा तो मिक्सर घाला आणि नॉब मध्यावरून थोडासाच उजवीकडे न्या. आवाजाला धार येते, पण कर्कशपणा नाही. डावीकडे न्या. आता कळ दाबली की फिल्टर मिटतो आणि सोडल्यावर हळूहळू उघडतो, जणू आवाज आत ओढला जातोय. एन्व्हलपचा अटॅक (चढायचा वेळ) काही सेकंदांचा केला की माझा नाटकातला निम्मा माल इथेच तयार होतो. यात नवीन मॉड्यूल एकही नाही, एक नॉब तेवढा आहे.

सुराची व्होल्टेज दोन ऑसिलेटरना वाटायची असेल तर साध्या मल्टिपलवर (एकच व्होल्टेज अनेक ठिकाणी वाटणाऱ्या जोडणीवर) विसंबू नका. काही आउटपुटना 1 किलो-ओहमचा रोध असतो आणि इनपुटना साधारण 100 किलो-ओहम. प्रत्येक जादा इनपुटमागे जवळपास एक टक्का व्होल्टेज खाली येते. 3 व्होल्टवर एक टक्का म्हणजे 30 मिलिव्होल्ट, म्हणजे अर्धस्वराचा तिसरा हिस्सा. कान असलेल्या कुणालाही ते खटकेल. तिथे बफर असलेला, म्हणजे व्होल्टेज पडू न देणारा, मल्टिपल लागतो. गेट किंवा एलएफओसाठी मात्र साधा चालतो.

सोल्डरिंगची हौस असेल तर सुरुवात अॅटेन्युएटरपासून (व्होल्टेज कमी करणाऱ्या नॉबपासून) करा. वीज लागत नाही, त्यामुळे काही जळायची भीती नाही. 100 किलो-ओहमचा लिनिअर पॉट (नॉबने बदलणारा रोध) घ्या. इनपुट जॅकचं टोक त्याच्या एका कडेच्या पायाला, ग्राउंड दुसऱ्या कडेला, मधला पाय आउटपुट जॅकला, आणि दोन्ही जॅकचे ग्राउंड एकत्र. नॉब उलटा चालत असेल तर कडेच्या दोन तारांची अदलाबदल करायची. मॉड्युलेशनसाठी उत्तम. सुराच्या व्होल्टेजसाठी नाही, मध्यावर त्याचा स्वतःचा रोध 25 किलो-ओहमपर्यंत जातो.

अॅनालॉग ऑसिलेटर चालू केल्या केल्या सुरात लावायच्या भानगडीत पडू नका. वीस-पंचवीस मिनिटं तापू द्या, नाहीतर रेकॉर्डिंगच्या मध्यावर सूर सरकतो. आणि मॉड्युलरमध्ये पॅच साठवून ठेवायची सोय नसते. मी आवाज जमला की आधी लांबलचक रेकॉर्ड करते, मग फोटो काढते, आणि फोटोत नीट न दिसणाऱ्या नॉबच्या जागा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे वहीत लिहिते: कटऑफ दहावर, रेझोनन्स दोनवर, एलएफओ सातच्या जरा पुढे. त्यानंतरच केबल काढायला घेते.