दुसऱ्या प्रवेशाची वाट पाहताना पहिल्या जागेचे पैसे कसे भरावेत

प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी सर्वांत आधी एक तारीख शोधून काढावी, ती म्हणजे त्या संस्थेने अधिकृतपणे जाहीर केलेली प्रवेशाची अंतिम तारीख. पैसे भरण्याची मुदत आपल्याला फोनवरून पुन्हा पुन्हा सांगितली जाते, पण ही दुसरी तारीख सहसा कोणी आपणहून सांगत नाही, आणि परतावा किती मिळणार हे बहुतेक वेळा तीच ठरवते.

इंदूरमध्ये दर उन्हाळ्यात हा प्रसंग घरोघरी येतो. मुलाला इथल्याच एखाद्या खासगी विद्यापीठात मे महिन्यात जागा मिळते, पण आयआयटी आणि एनआयटीच्या जागावाटपाच्या फेऱ्या जून-जुलैत असतात. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांचेही तेच आहे, कारण हातातल्या संस्थेची मुदत अनेकदा आयआयएमची प्रतीक्षा यादी पुढे सरकण्याआधीच संपते. अशा वेळी हातची जागा सोडणे धोक्याचे असते, आणि विचार न करता पैसे भरणेही तितकेच धोक्याचे असते.

म्हणून पहिल्या दिवशी एका कागदावर प्रत्येक संस्थेसाठी चार गोष्टी लिहाव्यात: पैसे भरण्याची मुदत, प्रवेशाची अंतिम तारीख, वर्ग सुरू होण्याचा दिवस, आणि ज्या दुसऱ्या संस्थेची वाट पाहत आहोत तिचा निकाल येण्याचा अपेक्षित दिवस. हा शेवटचा दिवस पहिल्या संस्थेच्या अंतिम तारखेच्या बराच आधी येत असेल, तर पैसे भरण्यात फारशी जोखीम नाही. तो नंतर येत असेल, तर किती रक्कम बुडू शकते हे आधीच मोजावे.

ते कसे मोजायचे, हे जरा सविस्तर सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत मिळते, मात्र त्यातून भरलेल्या शुल्काच्या ५ टक्क्यांपर्यंत, आणि कोणत्याही परिस्थितीत ५,००० रुपयांहून अधिक नाही, इतका प्रक्रिया खर्च कापता येतो. अंतिम तारखेला १५ दिवसांहून कमी उरले असतील तर ९० टक्के, तारीख उलटून १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, त्यानंतर ३० व्या दिवसापर्यंत ५० टक्के, आणि त्यापुढे काहीच नाही. समजा, २,५०,००० रुपये भरले आहेत. वेळेत अर्ज दिला तर किमान २,४५,००० रुपये परत येतात. अंतिम तारखेला दोन आठवडेच उरले असताना दिला तर २,२५,०००. तारीख उलटल्यावर पहिल्या पंधरवड्यात २,००,०००. आणि पुढच्या पंधरवड्यात १,२५,०००. केवळ चार-सहा दिवसांच्या दिरंगाईने पाऊण लाख रुपयांचा फरक पडू शकतो. अनामत रक्कम या टक्केवारीत धरली जात नाही. ती पूर्ण परत मिळायला हवी.

आयोगाने काही वर्षी याहून उदार सूचना काढल्या आहेत. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १,००० रुपयांची कपात, असा आदेश होता. म्हणून चालू वर्षाची सूचना आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतः वाचावी. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेवर चालणाऱ्या संस्थांना परिषदेचे नियम लागू होतात, आणि त्यांत अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी जागा सोडल्यास १,००० रुपयांपर्यंतच कपात करता येते. आयआयएम वेगळ्या कायद्याखाली चालतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत प्रवेशपत्रातील अटी हाच आधार मानावा.

केंद्रीय जागावाटपात वाट पाहण्याची सोय पद्धतीतच असते. आयआयटी-एनआयटीचे संयुक्त जागावाटप करणाऱ्या ‘जोसा’च्या फेऱ्यांत जागा स्वीकारण्याचे शुल्क भरल्यावर ‘फ्लोट’ निवडले तर हातची जागा राखून कोणत्याही संस्थेतील वरच्या पसंतीची वाट पाहता येते, ‘स्लाइड’मध्ये त्याच संस्थेतील चांगल्या शाखेची, आणि ‘फ्रीज’ केल्यावर शोध थांबतो. वरची जागा मिळाली की आधीची आपोआप जाते, म्हणून नको असलेली संस्था पसंतीक्रमात वर ठेवू नये. वैद्यकीयच्या अखिल भारतीय काउन्सेलिंगमध्ये पहिल्या फेरीतून मोकळेपणाने बाहेर पडता येते, पण दुसऱ्या फेरीपासून जागा सोडली तर अनामत जप्त होते. अभिमत विद्यापीठांसाठी ही अनामत २,००,००० रुपये असते, आणि ती गमावणे कोणत्याही मध्यमवर्गीय घराला जड जाते.

आता पावतीकडे वळू, कारण आमच्या घरी चूक तिथेच झाली. माझ्या मुलीसाठी एका खासगी संस्थेकडून एकाच दुपारी तीन फोन आले, ‘आजच भरा, उद्या सीट राहणार नाही’ असे सांगण्यात आले, आणि मी ५०,००० रुपये ऑनलाइन भरले. पुढे तिला हवी ती जागा मिळाल्यावर परतावा मागितला, तेव्हा उत्तर आले की ही रक्कम ‘नोंदणी’ या सदराखाली जमा आहे, शुल्काखाली नाही, आणि नोंदणीचे पैसे परत होत नाहीत. पावतीवर खरोखर तेच छापले होते. त्या दिवशी मी ती वाचली असती, तर लगेच हरकत घेता आली असती. म्हणून पैसे पाठवण्यापूर्वी ईमेलने विचारावे की ही रक्कम कोणत्या सदरात जमा होईल, ती पहिल्या सत्राच्या शुल्कात वळती होईल का, आणि प्रवेश रद्द केल्यास कोणत्या नियमाने परत मिळेल. उत्तर लेखी आल्याशिवाय पैसे भरू नयेत. रोख किंवा कोणाच्या वैयक्तिक खात्यात तर कधीच देऊ नयेत.

एकाच वेळी दोन-तीन वर्षांचे शुल्क मागितल्यास नम्रपणे नकार द्यावा. आयोगाच्या त्याच अधिसूचनेनुसार संस्था केवळ त्या सत्राचे किंवा वर्षाचे शुल्क आगाऊ घेऊ शकते. मूळ गुणपत्रिका, टीसी, मायग्रेशन (स्थलांतर दाखला) आणि मूळ निवासी (डोमिसाइल) दाखला पडताळणीसाठी दाखवून तिथेच परत घ्यावेत आणि स्वतः साक्षांकित केलेल्या प्रती द्याव्यात, कारण मूळ कागद अडकले की दुसऱ्या संस्थेच्या खिडकीवर मूल रिकाम्या हाताने उभे राहते. शैक्षणिक कर्ज घेणार असाल, तर खिशातून भरलेली ही रक्कम पावती दाखवून नंतर मिळेल का, हे बँकेत आधीच विचारावे.

दुसरी जागा पक्की झाली, म्हणजे तिथले पैसे भरून पावती हाती आली, की त्याच दिवशी पहिली जागा सोडावी. आपण अडवून ठेवलेल्या त्या जागेची प्रतीक्षा यादीतले दुसरे कोणाचे तरी मूल वाट पाहत असते. अर्ज असा असावा: ‘मी अमुक अभ्यासक्रमातील माझा प्रवेश आजच्या दिनांकापासून रद्द करीत आहे. भरलेले शुल्क व अनामत रक्कम खालील खात्यात जमा करावी.’ सोबत पावतीची प्रत आणि रद्द केलेला धनादेश जोडावा. अर्ज ईमेलने पाठवावा, त्याची छापील प्रत स्पीड पोस्टने पाठवावी, आणि इंदूरमधलीच संस्था असेल तर स्वतः जाऊन पोच घ्यावी, कारण परताव्याची टक्केवारी या अर्जाच्या तारखेवरून ठरते आणि तोंडी सांगण्याला तारीख नसते.

अर्जापासून १५ दिवसांत पैसे परत यावेत, असा आयोगाचा नियम आहे. ते न आल्यास संस्थेच्या तक्रार निवारण समितीकडे लिहावे, आणि तिथेही दाद लागली नाही तर आयोगाच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार नोंदवून पावती, अर्ज व पोच जोडावी. पैसे जमा झाल्यावर अनामत त्यात आली आहे का, हे वेगळे तपासावे. ती बहुधा स्वतंत्रपणे आणि उशिरा येते.