मधुमेहात डोळ्यांचा कोरडेपणा : चुरचुर नसली तरी घ्यायची काळजी

डोळा चुरचुरत नाही म्हणजे तो पुरेसा ओला आहे, असे मधुमेह असलेल्या व्यक्तीने कधीही गृहीत धरू नये. बरीच वर्षे साखर वाढलेली राहिली की तळपाय जसे बधिर होतात, तशाच बुबुळावरील पारदर्शक पडद्याच्या, म्हणजे कॉर्नियाच्या, अतिशय नाजूक नसाही मंदावू शकतात. मग डोळा कोरडा पडल्याची खबर अश्रुग्रंथीपर्यंत नीट पोचत नाही, पाणी कमी पाझरते, पापण्याही कमी लवतात आणि कॉर्नियावर बारीक जखमा झाल्या तरी फारसे दुखत नाही. त्यामुळे त्रास होईपर्यंत थांबण्याऐवजी तपासणी आणि उपचार दोन्ही ठरल्या वेळी करावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

ज्यांना लक्षणे जाणवतात त्यांना डोळ्यांत कचरा गेल्यासारखे खुपते, संध्याकाळी डोळे जड होतात, तर काहींच्या डोळ्यांतून उलट पाणी वाहते, कारण कोरड्या पृष्ठभागाला झोंबले की डोळा एकदम पाणी सोडतो. वाचताना अक्षरे पुसट होऊन पापणी लवताच पुन्हा स्पष्ट दिसत असतील, तर कोरडेपणाचा संशय घ्यावा. पापणी लवूनही धूसरपणा जात नसेल, तर साखरेच्या चढउतारामुळे डोळ्यातील भिंग फुगलेले असण्याची शक्यता असते. अशा वेळी घाईने नवा चष्मा न करता डॉक्टरांना दाखवावे आणि साखर काही आठवडे स्थिर राहिल्यावरच नंबर काढून घ्यावा.

टाइप २ मधुमेहात निदान झाल्यापासून दरवर्षी दृष्टिपटलाची, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याची (रेटिनाची), तपासणी करायची असतेच. त्याच भेटीत अश्रूंची तपासणीही मागून घ्यावी. मात्र हे बाहुली मोठी करणारे थेंब घालण्यापूर्वीच सांगावे, कारण थेंब घातल्यानंतर अश्रूंचे मोजमाप विश्वासार्ह राहत नाही. शर्मर चाचणीत खालच्या पापणीच्या कडेला टीपकागदाची अरुंद पट्टी अडकवतात आणि ५ मिनिटांत ती किती भिजली हे पाहतात. भूल न देता केलेल्या चाचणीत पट्टी ५ मिलिमीटरपेक्षा कमी भिजली, तर अश्रू निश्चितच अपुरे मानले जातात.

कृत्रिम अश्रूंचे थेंब डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळांना, डोळा बरा वाटत असला तरी, घालावेत. हात धुऊन मान मागे करावी, खालची पापणी बोटाने अलगद ओढून तिथे तयार होणाऱ्या खोलगट जागेत एकच थेंब सोडावा, बाटलीचे टोक डोळ्याला किंवा पापणीला लागू देऊ नये आणि त्यानंतर मिनिटभर डोळे मिटून ठेवावेत. दुसरे औषध घालायचे असेल तर मध्ये ५ ते १० मिनिटांचे अंतर ठेवावे. दिवसातून ४ पेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील, तर प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे औषध टिकून राहावे म्हणून घातलेले रसायन, नसलेले थेंब मागावेत. वारंवार वापरल्यास ते रसायनच डोळ्याला त्रासदायक ठरते.

पापण्यांच्या कडेच्या तेलग्रंथी तुंबल्या असतील तर कोमट, ओल्या कापडाने ५ ते १० मिनिटे शेक देण्यास सांगितले जाते. इथे मधुमेहींनी एक खबरदारी अवश्य घ्यावी. हातांची बोटे बधिर असतील तर पाण्याचा उष्णपणा त्यांना कळत नाही, आणि पापणीची कातडी फार पातळ असते. म्हणून कापड किती गरम आहे हे घरातील दुसऱ्या कोणाला तरी मनगटावर लावून पाहायला सांगावे.

पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट चेहऱ्यावर घेऊ नये. मोबाइल पाहताना पापण्या मुद्दाम पूर्ण मिटाव्यात. सर्दीच्या किंवा ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही डोळे कोरडे होतात, तेव्हा सुरू असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी, पण कोणतेही औषध परस्पर बंद करू नये.

मध, गुलाबपाणी, एरंडेल डोळ्यांत घालणे पूर्णपणे टाळावे. औषधाच्या दुकानातून विचारून आणलेले थेंब त्याहून घातक ठरू शकतात, कारण त्यांत स्टिरॉइड असल्यास लाली झटकन उतरते, मात्र डोळ्याचा दाब वाढू शकतो, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो आणि जंतुसंसर्ग बळावतो. मधुमेहींच्या जखमा उशिरा भरत असल्याने हा धोका त्यांनी मुळीच पत्करू नये.

डोळा लाल होऊन दुखणे, उजेड सहन न होणे, दृष्टी अचानक कमी होणे, डोळ्यांपुढे एकाएकी काळे ठिपके किंवा पडदा दिसणे, यांपैकी काहीही घडल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठावे.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर कोरडेपणाचा उपचार आधी करून घ्यावा. कोरड्या कॉर्नियावर घेतलेली मापे चुकीची येऊ शकतात, आणि त्या मापांवरूनच बसवायच्या भिंगाचा नंबर ठरतो. शिवाय शस्त्रक्रियेनंतर काही महिने कोरडेपणा वाढण्याची शक्यता असते. त्यामुळे मापे घेण्यापूर्वीच आपल्याला मधुमेह किती वर्षांपासून आहे आणि थेंब कोणते चालू आहेत, हे तेथे स्पष्ट सांगावे.