गाडी अडवली तर: बेळगावात नव्याने आलेल्यांसाठी

उद्यमबागेत नोकरी लागली, केएलईत ॲडमिशन झाली, की कोल्हापूर-सांगलीकडची आपली माणसं बेळगावात येतात आणि पहिल्या एक-दोन महिन्यांत कुठल्या तरी चौकात त्यांची गाडी अडवली जाते. मग रात्री फोन येतो, "काका, त्यांना अडवायचा अधिकार तरी आहे का?" भाड्याची खोली, गॅस, दूध हे सगळं घरमालकीणबाई सांगतील. मी एवढंच सांगतो.

हल्ली पोरं मोबाईलवर व्हिडिओ बघून येतात आणि "वाजवी संशय असल्याशिवाय थांबवता येत नाही" म्हणून भर चौकात हुज्जत घालतात. बाबांनो, ते अमेरिकेतलं. काही संशय नसताना नुसतं लायसन्स बघायला मनाला येईल ती गाडी अडवता येणार नाही, असं तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९७९ साली डेलावेअर विरुद्ध प्राउज खटल्यात ठरवलं. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १३० आहे. गणवेशातल्या कुठल्याही पोलिसाने मागितलं, की रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याने लायसन्स दाखवायचं. त्याला संशय लागत नाही, गणवेश लागतो. डिजीलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधले कागद चालतात. नियमातच तशी दुरुस्ती झाली आहे. गॅलरीतला फोटो मात्र चालत नाही, तो घेऊन वाद घालू नका.

कर्नाटकचे तेव्हाचे पोलीस महासंचालक प्रवीण सूद यांनी २०२२ मध्ये जाहीर सांगितलं होतं, की डोळ्यांना दिसणारा नियमभंग नसेल तर केवळ कागद तपासायला गाडी थांबवू नये, अपवाद दारूच्या तपासणीचा. चांगली गोष्ट आहे. पण ती सूचना खात्याला होती. हवालदारापुढे ती वाचून दाखवल्याने कलम १३० रद्द होत नाही. कुणी विनाकारण छळलं असं वाटलं तर जागा, वेळ आणि नेमप्लेटवरचं नाव टिपून ठेवा, आणि शहरातलं असेल तर पोलीस आयुक्तांकडे, बाहेरचं असेल तर एसपींकडे लेखी तक्रार द्या. गाडीची किल्ली काढून घेणं कुठल्याच कलमात नाही, हेही त्या तक्रारीत लिहा. रस्त्यावर किल्लीसाठी झोंबाझोंबी करू नका.

संशयाचा प्रश्न येतो तो डिकी उघडायला सांगितल्यावर. तपासात झडती घ्यायची तर तसं मानायला कारण हवं आणि ते आधी लिहून ठेवायला हवं, असं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८५ सांगतं. कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरणही व्हायला हवं, मोबाईलवर झालं तरी चालतं. वॉरंटशिवाय अटक करायला त्याहून पक्कं कारण लागतं. त्यातही अटकेची कारणं सांगणं आणि घरच्यांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. म्हणजे थांबवणं, कागद बघणं, झडती, अटक या चढत्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर भांडणारा माणूस चौथीवर गप्प बसतो, हे मी इथे फार पाहिलंय.

आता जे कानीकपाळी ओरडून सांगतो ते. हात केला की थांबायचं. पळायचं नाही. आमच्या गल्लीत फाउंड्रीतला एक पोरगा राहायचा, गडहिंग्लजचा, कामाला वाघ. लायसन्स होतं, खोलीवर राहिलं होतं. समोर पोलीस बघून त्याने गाडी वळवली आणि उलट्या दिशेने सुटला. पुढे भाजीच्या हातगाडीवर आदळला. म्हातारीच्या पायाला लागलं, टोमॅटो रस्ताभर. लायसन्स जवळ नसल्याचा किरकोळ दंड झाला असता, तिथे बेदरकार गाडी चालवल्याचा गुन्हा दाखल झाला. गाडी स्टेशनच्या आवारात पावसात गंजत पडली, कोर्टातून सोडवेपर्यंत पगार वकिलाच्या घशात गेला. आणि वर पोलीस विचारतात, "काही नव्हतं तर पळालास कशाला?" याला उत्तर काय देणार? तुमच्यावर संशय नव्हता, तो तुम्हीच पळून त्यांच्या हातात दिलात. पुन्हा सांगतो, थांबा. बाजूला घ्या, इंजिन बंद करा, हेल्मेट काढा.

आपल्या लोकांत दोन जाती बघितल्या. एक जण हात दिसताच खिशातून नोट काढतो, आणि त्याच्यामागून येणाऱ्या प्रत्येक एमएच गाडीचा दर ठरवून जातो. दुसरा सीमाप्रश्न काढतो. सीमाप्रश्न मलाही आहे, पण तो सिग्नलवर सुटत नाही. इथले बरेचसे पोलीस मराठी समजतात. "नमस्कार री" म्हणून सुरुवात केली तर निम्मं काम होतं. दंड झालाच तर पावती घ्या.

नंबरप्लेटवर मराठी आकडे नकोत. कानडीही नकोत. अक्षरं आणि आकडे इंग्रजीच, नियम दोघांनाही सारखा.

एमएच पासिंगची गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे राहणार असेल तर कलम ४७ प्रमाणे केए नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी लागते. ती गावी जाल तेव्हा आणा, दिवाळीवर ढकलू नका.

एक नोव्हेंबर (कानडी राज्योत्सव, आपला काळा दिन) आणि डिसेंबरातलं इथल्या सुवर्ण विधानसौधातलं कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन या दिवसांत हद्दीवरच्या कोगनोळी नाक्याला आणि शिनोळीकडून येताना तपासणी कडक असते. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली होती, म्हणून असल्या दिवसांत काम नसेल तर एमएच गाडी घरीच ठेवा. निवडणुकीच्या आचारसंहितेत पन्नास हजारांवर रोकड नेत असाल तर बँकेची स्लिप जवळ हवी. आणि चोर्ला घाटातून गोव्याहून परतताना मित्राची "एकच बाटली" डिकीत घेऊ नका. गोव्याच्या बाटलीवर कर्नाटकाचं अबकारी शुल्क भरलेलं नसतं, आणि कणकुंबीच्या तपासणी नाक्याला गाडी अडवली की मित्र मागच्या सीटवर झोपलेला असतो.